१६ घोड्यांची शिलेदारी

साडूची गाडी आपल्या गाडीपेक्षा महाग असली तर चालतं. तिला सनरूफ असला तरी चालतं. एप्रिलच्या पुणेरी उन्हात सनरूफ उघडून बसणाऱ्याची कीवच करायची असते. पण साडूची आणि आपली गाडी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, एकाच दीड लिटर डिझेल इंजिनाची असावी आणि तरी त्याच्याकडे १६ घोडे जास्त असावेत, हा कुठला न्याय?

आमची गाडी १०० घोड्यांची. साडूंनी त्यांची वर्षभर उशिरा घेतली. ते सगळीकडेच उशिरा जातात आणि नेमकी त्यांच्याच ताटात गरम पोळी पडते. तेवढ्या अवधीत कंपनीनं त्याच इंजिनातून ११६ घोडे काढले. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण आमची वॉरंटी अजून शिल्लक आहे.

ही बातमी साडूंनीच दिली. ‘तुमची जुन्या ट्यूनची असणार,’ पुरणपोळीवर तूप वाढून घेता घेता ते म्हणाले आणि वर ‘पण तीही चांगलीच आहे हो’ अशी पुस्ती जोडली. ‘तीही चांगलीच आहे हो’ हे मुलगी बघून गेलेले लोक नकार कळवण्याच्या आदल्या दिवशी म्हणतात.

१६ घोडे म्हणजे काही चिल्लर नव्हे. शिवकाळात २५ बारगिरांवर एक हवालदार असे. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश हवालदारी साडू बॉनेटखाली घालून हिंडत होते. रात्री मी ब्रोशर काढून बसलो, तर आणखी एक घात उघडकीस आला. कंपनी घोडे मोजते पीएसमध्ये आणि हा पीएस बीएचपीपेक्षा किंचित अशक्त असतो. १०० पीएस म्हणजे ९८.६ बीएचपी. आमचा जवळजवळ दीड घोडा नुसत्या हिशेबात मेला. साडूंचाही मेला असणार, पण ११६ मधून दीड गेला तर कुणाला कळतं?

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आयटीतला एक मुलगा आहे. त्याची गाडी सायलेन्सरमधून ढेकर दिल्यासारखी थांबते. त्याच्यापाशी मी सहज विषय काढला.

‘काका, स्टेज वन रीमॅप मारून टाका,’ तो म्हणाला.

‘मारून’ आणि ‘टाका’ या दोन्ही क्रियापदांचा एवढ्या निश्चिंतपणे वापर मी तिशीनंतर केलेला नाही. त्यानं समजावून सांगितलं ते असं: इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये कोष्टकं असतात. इतके आरपीएम, इतका पाय दाबलेला, तर इतकं डिझेल, टर्बोचा इतका दाब. कंपनी या कोष्टकांत हात राखून आकडे भरते. रीमॅपवाला स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लॅपटॉप जोडतो आणि आकडे मोकळ्या हातानं भरतो. पाना नाही, जॅक नाही, तेलकट फडकं नाही. तीसेक हजार रुपयांत १०० चे १२५ होतात.

साडूंपेक्षा नऊ जास्त! मी मनातल्या मनात पुरणपोळी वाढायला सुरुवात केली.

‘आणि मायलेजही वाढतं,’ तो म्हणाला. घोडे वाढतात आणि चारा कमी लागतो, हे कुठल्याही पागेच्या इतिहासात घडलेलं नाही, पण मला त्या दिवशी इतिहासात रस नव्हता.

‘आणि वॉरंटी?’

‘ती जाते,’ तो म्हणाला. गुरुवारी लाइट जाते, असं आपण ज्या सुरात सांगतो त्या सुरात.

त्याला कल्पना नाही, मी कुठल्या घरातून आलोय. आमच्याकडे रिमोटवरचं प्लास्टिक रिमोट भंगारात जाताना निघतं. वडिलांची एक फाइल आहे. तिच्यात मिक्सर, इस्त्री, वॉटर हीटर आणि एका दूरदर्शन संचाची वॉरंटी कार्डं दुकानाच्या शिक्क्यासकट आहेत. यातली एकही वस्तू आता घरात नाही. उद्या भंगारवाला संच परत घेऊन आला, तर आम्ही तयार आहोत.

म्हणून आधी मी गाडीचं वॉरंटीचं पुस्तक वाचायला घेतलं. ते पुस्तक आजवर कुणीही वाचलेलं नसावं, कारण पानं एकमेकांना चिकटलेली होती. तीन वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, हे पहिल्याच पानावर ठळक. मग बारीक टायपात जे मिळणार नाही त्याची यादी: क्लच प्लेट नाही, ब्रेक पॅड नाहीत, वायपर नाहीत, बल्ब नाहीत, फ्यूज नाहीत, फिल्टर नाहीत, ‘स्वाभाविक आवाज व थरथर’ नाही. थोडक्यात, जे बिघडतं ते वॉरंटीत नाही आणि जे वॉरंटीत आहे ते बिघडत नाही. मागच्या पावसाळ्यात उंदरानं आमच्या गाडीची वायर कुरतडली, तेव्हा ‘बाह्य कारणामुळे झालेले नुकसान’ म्हणून सर्व्हिस सेंटरनं हात वर केले होते. ‘बाह्य कसलं, उंदीर बॉनेटच्या आत होता,’ असं मी म्हणून पाहिलं. त्यांनी बिल दिलं.

अशी ही वॉरंटी. आजवर तिनं मला एक दमडी दिलेली नाही. पण ती जाणार म्हटल्यावर पोटात जो गोळा आला, तो खरा होता.

पुढच्या सर्व्हिसिंगला मी अ‍ॅडव्हायझरसमोर बसलो.

‘माझ्या एका मित्राला रीमॅप करायचंय,’ मी म्हणालो.

‘मित्राची गाडी हीच का?’

‘म्हणजे, अशीच.’

‘पांढरी?’

‘पांढरी.’

त्यानं काचेतून बाहेर लिफ्टवर चढलेल्या आमच्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘मित्राला सांगा, आम्ही स्कॅनर लावला की गाडीतला प्रोग्रॅम आणि कंपनीच्या सर्व्हरवरचा प्रोग्रॅम जुळतो का ते दिसतं. काही गाड्यांत प्रोग्रॅम कितीदा लिहिला गेला याचीही मोजणी असते. सर्व्हिसच्या आदल्या दिवशी जुना प्रोग्रॅम परत टाकला, तरी मोजणी मागे जात नाही. उद्या टर्बो गेला तर दीड-दोन लाख मित्राच्या खिशातून.’

मी मित्राच्या वतीनं घाम पुसला.

मग तो उठला, केबिनचं दार लोटलं आणि माझ्या जॉब कार्डाच्या पाठीमागे एक फोन नंबर लिहिला. ‘भोसरीत आहे. हात चांगला आहे पोराचा. माझी गाडी त्याच्याकडेच केलीय,’ तो खालच्या आवाजात म्हणाला, ‘फक्त कुठे बोलू नका.’ त्यानं स्वतःचाही नंबर दिला. तो मी त्याच नावानं सेव्ह केला: ‘सर्व्हिस (कुठे बोलू नका)’.

आता खरा पुणेकर अशा वेळी टेकडीवर जातो. आमच्या टेकडीच्या अंगाखांद्यावरच एआरएआय आहे. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था देशभरच्या गाड्या तपासते, आणि तिच्या कुंपणाबाहेरून चालणारे निवृत्त इंजिनिअर तिलाही तपासतात. त्यातले एक काका टेल्कोतून निवृत्त झालेले. त्यांना टाटा मोटर्स म्हटलेलं आवडत नाही. मी त्यांना कोष्टकांची गोष्ट सांगितली आणि कंपनी हात का राखते, असं विचारलं.

‘तुझ्यासाठी राखते,’ काका म्हणाले.

मग उताराच्या शेवटच्या बाकापर्यंत मला व्याख्यान मिळालं. तोच प्रोग्रॅम जैसलमेरच्या उन्हात चालायला हवा आणि लेहच्या विरळ हवेतही. पंपावर कसलं डिझेल मिळेल याचा भरवसा नाही. मालक ऑइल वेळेवर बदलेल याचा त्याहून नाही. गिअरबॉक्स आणि क्लच ठरावीक टॉर्कच सोसतात. आणि बीएस सिक्स आल्यापासून धुराच्या वाटेत गाळणी बसलीय. डिझेल जास्त ओतलंस की काजळी वाढणार, गाळणी तुंबणार. ‘या सगळ्याला पुरून जे उरतं, ते ब्रोशरमध्ये छापतात. वरचे घोडे तू गाडीची वाट लावशील तेव्हासाठी ठेवलेले असतात.’

‘पण साडूंना १६ दिले ना?’

‘त्यांचा टर्बोच वेगळा असेल. फियाटच्या १.३ मल्टिजेटचं काय होतं? आपल्या रांजणगावलाच बनायचं. निम्म्या देशाच्या गाड्यांत तेच इंजिन, कुठे ७५ घोड्यांचं, कुठे ९० चं. लोक म्हणायचे, एकच आहे, नुसता प्रोग्रॅम बदललाय. ९० वाल्याचा टर्बो निराळा होता, त्याची पाती आतल्या आत फिरायची. नुसत्या आकड्यांनी घोडे येत नसतात, बाबा.’

मला हे ऐकायचं नव्हतं. सल्ला मागणाऱ्याला सल्ला कधीच नको असतो, सही हवी असते. ती मिळेल म्हणून मी न्यू जर्सीतल्या भाच्याला फोन लावला.

‘मामा, बिनधास्त कर! इकडे १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदाच आहे. गाडीत काही बदल केला म्हणून कंपनी सरसकट वॉरंटी नाकारू शकत नाही. त्या बदलामुळेच बिघाड झाला, हे तिला दाखवावं लागतं.’

‘इकडे मला वायर मीच खाल्ली नाही, हे दाखवावं लागतं,’ मी म्हणालो. शिवाय इकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. गाडी मुळात जशी आहे तशीच राहिली पाहिजे, असा त्याचा एकंदर रोख. भाचा म्हणाला, मग इकडेच येऊन राहा. १६ घोड्यांसाठी ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहणारा मी पहिलाच ठरलो असतो.

घरात हा विषय मी काढला नव्हता. पण नवरा रात्री अकराला ‘टर्बो’ असं पुटपुटतो, तेव्हा बायकोला चौकशी करावीच लागते. ती बँकेत कर्ज विभागात असल्यानं तिला बारीक टायप आधी दिसतो.

‘अहो, हे वाढीव घोडे पळवणार कुठे? वारजे ते नळ स्टॉप?’

‘एक्स्प्रेस वेवर.’

‘तिथे १००ची मर्यादा आहे. कमानीकमानीवर कॅमेरे आहेत. मागच्या चलनात तुमचा फोटो इतका छान आलाय, की मी पासपोर्टला लावणार होते.’

‘ओव्हरटेक करायला उपयोग होतो गं.’

‘कुणाला ओव्हरटेक करायला, ते मला माहीत आहे. माझ्याच बहिणीचा नवरा आहे तो. आणि विमा कंपनीला कळवणार आहात का? बदल लपवला म्हणून क्लेम नाकारला, तर गाडीचे हप्ते मी भरणार नाही.’

खरं सांगायचं तर माझी अडचण यातल्या कुणालाच कळली नव्हती. शिवकाळात बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे आणि शिलेदार आपला घोडा आपण आणी. शिलेदाराचा रुबाब मोठा, पण घोडा मेला तर नुकसान त्याचं त्याला. मला रणांगणावर शिलेदार म्हणून मिरवायचं होतं आणि घोडा मेलाच तर पागेतून पावती दाखवून दुसरा आणायचा होता. एवढी साधी मागणी.

भोसरीच्या पोरानं ती एका मिनिटात ओळखली. त्याचं वर्कशॉप म्हणजे एक शेड, मधोमध जमिनीत रूळ बसवलेलं डायनो मशीन, भिंतीवर आलेख आणि लॅपटॉपशेजारी विष्णूसहस्रनामाचं कॅलेंडर. आमची गाडी रुळांवर पट्ट्यांनी बांधली, समोर मोठा पंखा लावला आणि त्यानं ती जागच्या जागी अशी पिळली, की मला डोळे मिटून घ्यावे लागले. आलेख आला. चाकांपाशी ८५ घोडे.

‘बाकीचे पंधरा?’

‘गिअरबॉक्स आणि टायर खातात, सर. सगळ्यांचेच खातात.’

म्हणजे घोड्यांची चोरी आता घरातूनही होत होती. माझा निर्धार पक्का झाला, पण वॉरंटीचं नाव काढताच जीभ अडखळली. त्यानं टेबलाच्या खणातून काडेपेटीपेक्षा जरा मोठी काळी डबी काढली.

‘तुमच्यासारख्यांसाठी हीच. ट्यूनिंग बॉक्स. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. डिझेलच्या पाइपमधला दाब मोजणारा सेन्सर आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये ही बसते. समजा पाइपात १,५०० बार दाब आहे. ही कॉम्प्युटरला सांगते १,३५०. तो बिचारा घाबरून दाब वाढवतो. सर्व्हिसला जाताना काढून घरी ठेवायची.’

मला हे यंत्र पाहताक्षणी आवडलं. डबी कॉम्प्युटरशी खोटं बोलणार, मी अ‍ॅडव्हायझरशी खोटं बोलणार, आणि दोघांपैकी एकालाही कागदावर सही करावी लागणार नव्हती. ट्रायलला नेतो म्हटलं, तर तो खुशाल न्या म्हणाला. ‘पसंत पडली तर पैसे.’

‘बिल मिळेल ना? आणि हिची वॉरंटी?’

त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ‘एक वर्ष,’ तो म्हणाला, ‘पण बिलावर “फक्त रेस ट्रॅकवर वापरण्यासाठी” असं छापलेलं असतं.’ रेस ट्रॅक चेन्नईला आहे, कोइंबतूरला आहे. डबी वापरायला एवढं लांब जाणारा माणूस डबीशिवायही पोहोचेल.

मुहूर्त आपोआप आला. साडूंच्या पुतण्याचं लग्न साताऱ्यात होतं. दोन्ही गाड्या सकाळी एकदमच निघाल्या. शिरवळपर्यंत मी साडूंच्या मागे अत्यंत नम्रपणे चाललो. खंबाटकीचा चढ लागला आणि मी पाय दाबला.

काय सांगू! सीटनं पाठीत ढकललं. साडूंची गाडी डाव्या काचेत आली, मग आरशात गेली, मग आरशात लहान झाली. बायको म्हणाली, ‘अहो, हळू.’ हे वाक्य मला लग्नानंतर पहिल्यांदाच कौतुकासारखं ऐकू आलं. दोन वळणं मी शिलेदार होतो.

तिसऱ्या वळणावर डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र लागलं आणि सगळे घोडे एकदम बसले. कॉम्प्युटरला बहुधा शंका आली होती. अशा वेळी तो इंजिन वाचवायला ताकदच तोडतो. पाय तळाला टेकला तरी गाडी वाढेना. मागून भांड्यांचा टेम्पो आला आणि हॉर्न वाजवत पुढे गेला. त्याच्यामागून बायामाणसांनी भरलेली एक जीप. मग उसाचा ट्रक, तोही मजेत.

कडेला थांबलो. अंगात रेशमी झब्बा, बॉनेटखाली तापलेलं इंजिन. त्या डबीचा क्लिप कुठल्या तरी पियानोवादकाच्या बोटांसाठी बनवला असावा. झब्ब्याच्या बाहीला काजळी लावून, बोट भाजून मी डबी उपसली, सेन्सरची पिन जागेवर खोचली आणि डबी खिशात कोंबली, तेवढ्यात साडू मागे येऊन थांबले. माणूस वाईट नाही, हीच त्यांची अडचण आहे.

‘काय झालं?’

‘काही नाही. उंदीर असावा. मागेही आला होता.’

साडूंनी बॉनेटमध्ये पाहिलं. मग माझ्या खिशाकडे पाहिलं. खिशातून डबीच्या दोन काळ्या वायरी लोंबत होत्या.

‘शेपूट बाहेर राहिलंय,’ ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

गाडी पुन्हा नीट पळू लागली, पण पिवळा दिवा विझेना. भोसरीला फोन केला, तर पोरगा म्हणाला, ‘सर, गाडी थोड्या थोड्या वेळानं बंद-चालू करत राहा, आपोआप जाईल.’ म्हणून मी मंगलाष्टकांमध्ये एकदा उठलो, आहेराच्या वेळी उठलो, जेवणाच्या पंगतीतून मठ्ठ्याची वाटी तशीच ठेवून उठलो. परत येताना कानावर आलं, ‘मामांना साखर झालेली दिसतेय. दर अर्ध्या तासानं जावं लागतंय बिचाऱ्यांना.’ मुलीकडच्यांनी मला जिलबी वाढली नाही. दिवा संध्याकाळी पाचगणीवाल्या पाहुण्यांना सोडताना विझला. बायकोनं त्यावर एक अक्षरही काढलं नाही. कर्ज विभागातल्या लोकांना थकबाकीदाराशी केव्हा बोलायचं, याचं प्रशिक्षण असतं.

डबी परत करायला गेलो तेव्हा पोरगा अजिबात वरमला नाही. ‘सेटिंग जरा जास्त राहिलं असेल, कमी करून देतो. नाहीतर सरळ रीमॅप करा ना, डबीपेक्षा चांगला.’ त्यानं पुन्हा आलेख दाखवायला सुरुवात केली. निळी रेघ कंपनीची, लाल रेघ त्याची, आणि लाल रेघ इतकी सुंदर वर गेलेली की माझा हात पुन्हा खिशाकडे जाऊ लागला.

तेवढ्यात शेडच्या कोपऱ्यात कापडी कव्हर घातलेली एक गाडी दिसली. कव्हरचं एक टोक उचललं होतं. खाली आमचंच मॉडेल. नवं कोरं, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

‘कुणाची ही?’

‘माझीच, सर. दिवाळीला घेतली.’

‘हिचे किती केलेत? १३०? १४०?’

‘हिचे?’ त्यानं कव्हर खाली ओढून नीट खोचलं. ‘हिला नाही हात लावला, सर. वॉरंटीत आहे ना अजून.’

मी गप्प उभा राहिलो. त्याला वाटलं, मी भाव काढतोय.

‘तुम्ही एक्स्टेंडेड घेतली की नाही?’ त्यानं आपुलकीनं विचारलं. ‘मुदत संपायच्या आत घ्यावी लागते. मी घेतलीय. शोरूमचा भाव भरू नका, आपला एक माणूस आहे सर्व्हिस सेंटरला, माझं नाव सांगितलंत तर कमी करून देईल. नंबर घ्या.’

त्यानं सांगितलेले आकडे मी फोनवर दाबत गेलो. शेवटचे तीन बाकी होते, तेवढ्यात खाली नाव आपोआप उमटलं: ‘सर्व्हिस (कुठे बोलू नका)’.